पाहुण्यांपुढे न आलेली बादली

मित्रांनो, माझ्या तळाला पाण्याच्या क्षारांची पांढरी वर्तुळे आहेत आणि माझी कडी एका बाजूला वाकली आहे. माझे वय त्यावरून ओळखा. मी पत्र्याची बादली आहे. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. तेव्हा मी अशी चकचकीत होते की दुकानदाराने मला दाराबाहेर टांगले. एव्हरिल टॅपसेलने मला तिथून उचलले. तिचे नुकतेच लग्न झाले होते. समुद्रकाठच्या हेस्टिंग्जमध्ये एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर तिने आणि क्लिफर्डने फ्लॅट घेतला होता.

घेतला म्हणजे नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला. इथली रीत तशीच आहे. भिंतींच्या आतले घर तुमचे. छप्पर, जिना, बाहेरच्या भिंती मालकाच्या. त्यांची दुरुस्ती मालकाची कंपनी करते आणि खर्च फ्लॅटवाल्यांत वाटते.

माझे दिवस चांगले गेले. एव्हरिल माझ्यात पाणी घेऊन खिडक्या पुसायची. उन्हाळ्यात त्यांची मुलगी जॅनीन मला समुद्रावर न्यायची आणि खेकडे भरून आणायची. काम झाले की एव्हरिल मला कोरडी करून पालथी ठेवायची. शेजारणीला म्हणायची, "प्लास्टिकच्या किती फुटल्या, मोजणं सोडून दिलं मी. ही बघ, अजून तशीच आहे."

मग छप्पर गळू लागले. मागच्या निजायच्या खोलीत पाणी टपकू लागले आणि मी तिथे, खिडकीजवळ, जाऊन बसले. ते माझे शेवटचे मोठे काम ठरले. एव्हरिल कंपनीला फोन करायची. तिकडून उत्तर यायचे, माणूस पाठवतो. माणूस म्हणजे प्रुएट. इमारतींची पाहणी करणारा, नीट कपडे घातलेला, घाईतला माणूस. तो यायचा तोवर पाऊस थांबलेला असायचा.

तो येणार म्हटले की एव्हरिल मला रिकामी करायची, जमीन पुसायची आणि मला त्याच खोलीतल्या कपाटात ठेवायची.

"अगं, तो बादली बघायलाच येतोय!" क्लिफर्ड म्हणायचा.

"येऊ दे. परका माणूस घरात येणार आणि खिडकीपाशी बादली? काय म्हणेल तो?"

"म्हणेल की छप्पर गळतंय."

"म्हणेल की टॅपसेल लोकांना घर ठेवता येत नाही. तू तो कोट बदल आधी. कोपर बाहेर आलंय."

कपाटातून मला सगळे ऐकू यायचे. कपबशांचा आवाज, जॅमच्या केकचे कौतुक. "फार सुंदर ठेवलंय घर तुम्ही," असे म्हणून प्रुएट निघून जायचा. जिन्याचे दार लागले की एव्हरिल मला बाहेर काढायची. क्लिफर्ड हसायचा. "राणीसाहेब, आता गळायला परवानगी आहे का?" तीही हसायची.

नंतर ती आजारी पडली. मागची खोली शांत, म्हणून ती तिथेच झोपू लागली. माझ्यात पडणाऱ्या थेंबांनी तिची झोप मोडू नये म्हणून क्लिफर्डने माझ्या तळाशी एक टॉवेल घातला. तो रोज पिळून बदलायचा. वसंतात ती गेली. अंत्यविधीला आलेल्या सगळ्यांना क्लिफर्डने चहा दिला, कप धुतले, पुसले, जागच्या जागी ठेवले. कोणी विचारले की म्हणायचा, "ठीक आहे मी."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात इमारतीला परांची लागली आणि छप्पर दुरुस्त झाले. तिला ते पाहायला मिळाले नाही. वर्ष सरायच्या आत क्लिफर्डने फ्लॅट विकला आणि तो जॅनीनकडे राहायला गेला. त्याने फर्निचर देऊन टाकले. मला मात्र बरोबर नेले.

विक्रीच्या वेळी घेणाऱ्याच्या वकिलाने किमतीतले थोडे पैसे अडकवून ठेवले होते. इमारतीचे हिशेब मिटले की ते परत मिळायचे. तेही इथे नेहमीचेच. हिशेब काही मिटेनात. गवंडी काम संपवून गेल्याला दोन वर्षे होत आली, तेव्हा कंपनीचे बिल आले. छपराच्या तुळया कुजल्या होत्या आणि त्यांचा जादा खर्च क्लिफर्डकडे मागितला होता. कारण दिले होते, की घरात राहणाऱ्यांनी पाहणीच्या वेळी गळती लपवली.

"बाबा, यात घाबरण्यासारखं काही नाही," जॅनीन म्हणाली. "खर्च झाल्यापासून अठरा महिन्यांत मागायला हवं होतं त्यांनी. कायदाच आहे तसा. उशीर झालाय, नाही देत, असं लिहून टाका."

"पैशाचं राहू दे गं. लपवली म्हणतात. कोणी लपवली? पाहणीचे दिवस सोडले तर मी बसच्या गॅरेजात कामाला असायचो दिवसभर. घरात तुझी आई असायची."

"आईला आता काय फरक पडणार आहे?"

क्लिफर्डने बिलाची घडी घातली. मग म्हणाला, "मला पडतो."

पैसे नाकारल्यावर कंपनीने दावा लावला. सुनावणीच्या दिवशी तो मला बसमधून घेऊन गेला. चालक म्हणाला, "काय काका, मासेमारी?"

"एकच मासा आहे," क्लिफर्ड म्हणाला. "सूट घालतो तो."

सुनावणी नगरपालिकेच्या इमारतीतल्या एका साध्या खोलीत होती. न्यायाधीश श्रीमती रॉथवेल समोर बसल्या होत्या. एका बाजूला कंपनीचे वकील आणि प्रुएट, दुसऱ्या बाजूला क्लिफर्ड, जॅनीन आणि क्लिफर्डच्या मांडीवर मी. रॉथवेलबाईंनी तारखा पाहिल्या. वकिलांना विचारले की त्या अठरा महिन्यांत या खर्चाची लेखी सूचना तरी दिली होती का. दिली नव्हती. त्या म्हणाल्या, "मग हे बिल श्री. टॅपसेल यांना लागू होत नाही. झालं."

जॅनीन उठली. क्लिफर्ड बसूनच राहिला.

"मॅडम, ते 'लपवली' राहिलंच."

"निकालाला त्याची गरज नाही, श्री. टॅपसेल. तुम्ही जिंकलात."

"तुम्हाला नसेल. या साहेबांना एकच विचारू का?"

त्या हो म्हणाल्या. क्लिफर्ड प्रुएटकडे वळला.

"बायकोने बादली कपाटात ठेवली. हो, ठेवली. ही तीच. पाहुणा येणार म्हणून. तुमच्या आईनेही ठेवली असती. पण तिने तुम्हाला चहा कुठे दिला, साहेब?"

प्रुएटने आठवून पाहिले. "मागच्या खोलीत. खिडकीजवळ."

"बैठकीची खोली असताना? पलंगाशेजारी टेबल मांडून? तुमची खुर्ची कशाखाली होती?"

प्रुएटने मान खाली घातली, मग वर केली. "डागाखाली. दरवेळी. त्या म्हणायच्या, वर बघा ना जरा. मी बघायचो. मोठा डाग होता. पण त्या दिवशी पाणी पडत नव्हतं... आणि मला पुढे जायचं असायचं."

"म्हणजे त्यांनी दाखवलं होतं," रॉथवेलबाई म्हणाल्या.

"हो. दाखवलं होतं."

त्यांनी वकिलांकडे पाहिले. वकिलांनी 'लपवली' हा शब्द मागे घेतला आणि तसे लिहून घेतले गेले.

बाहेर आल्यावर क्लिफर्ड समुद्राकडे तोंड करून बाकावर बसला. जॅनीनने विचारले, "बाबा, ठीक आहात ना?"

तो नेहमीचे उत्तर देणार होता. तोंडही उघडले होते त्याने. पण म्हणाला, "नाही गं. अजिबात ठीक नाही." आणि मला पोटाशी धरून तो रडला. येणारेजाणारे पाहत होते. त्याने डोळे पुसायची घाई केली नाही. जॅनीनही शेजारी बसून रडली.

मित्रांनो, मी आता जॅनीनच्या बागेत असते. मला एकच मागणे मागायचे आहे. घरात काही गळत असेल तर त्याखाली बादली ठेवा, आणि पाहुणे आले तरी ती उचलू नका. त्यांना दिसू द्या.