दोन विटांची जागा

वाटीच्या काठावरून आमटीचा एक ओघळ खाली उतरत होता, विटेपर्यंत पोचायच्या आतच थिजला... आणि उम्मेहानी हात पुढे न करता त्याच्याकडे बघत राहिली. शेजारच्या मुक्ताबाईने रोजच्यासारखी वाटी भिंतीतल्या भोकात ठेवली होती. दोन घरांमधली एकच भिंत, आणि तिच्यात दोन विटांएवढं भोक. ईदला इकडून शीरखुर्मा जायचा, दिवाळीला तिकडून करंज्या यायच्या. आज वाटी आली ती मुकाट्याने.

सकाळी पाहणीवाले आले होते. तुंगार्लीच्या बंगल्यांमागची ही वस्ती आता कायम होणार, ज्याचं घर त्याच्या नावावर जागेचा पट्टा, असं वर्षभर ऐकत होतो आम्ही — आम्ही म्हणजे ती एकटीच. नवरा, बद्रुद्दीन, जाऊन किती काळ लोटला, तरी आम्ही. टेप धरलेल्या मुलीने भोकातून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, ही घरं आतून जोडलेली आहेत का? उम्मेहानी तोंड उघडणार तोच मुक्ताबाईचा नवरा कोंडाजी दारात आला. तिला बरंच वाटलं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, नवऱ्यामागे तिच्या वतीने तोच बोलत आला होता. तो बोलू लागला की ती पदर सावरून मागे व्हायची. सवयीने आजही झाली.

"मागली खोली आमचीच हाय," कोंडाजी म्हणाला. "भाबी एकट्या, म्हणून ठिवलंय त्यास्नी. जातील कुटं?"

आवाजसुद्धा बदलला नाही त्याचा. तीच माया, दवाखान्यातली. मुलीने दोन्ही मिळून कोंडाजीचं एकच घर धरलं. कुणाची हरकत असेल तर उद्या चौकात येऊन सांगा म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

भोक पाडलं होतं बद्रुद्दीननेच, छिन्नी घेऊन. मुक्ताबाई तापाने फणफणली होती आणि गल्लीला वळसा घालून जाईपर्यंत पेज गार व्हायची... भिंत त्याने स्वतः रचलेली, तरी पहिला घाव घालताना हात अडखळला नाही. पुढे त्याच भोकाशी उभा राहून कोंडाजीचा निलेश बे एके बे म्हणायचा. चुकला की ती इकडून म्हणायची, परत म्हण बाळा, घाई कुणाला आहे? त्याच निलेशचं आता लग्न. कोंडाजीला एक खोली कमी पडत होती. हे तिला समजत होतं, तेच वाईट — समजलं नसतं तर कडकडून भांडता आलं असतं.

उद्या बोलायचं म्हणजे त्याला चारचौघांत खोटं पाडायचं. नाही बोललं तर आपल्याच घरात ठेवलेली बाई व्हायचं, नवी सून येईपर्यंत... मग? तिने निलेशला शिकवताना जुळवायची तसे एकेक शब्द जुळवले.

"ही खोली माझी आहे."

नुसतीच कुजबूज. परत म्हण.

"ही खोली माझी आहे. आम्ही बांधलेली."

पलीकडे ताटं वाजत होती, ती थांबली. मग मुक्ताबाई, अगदी हळू — "भाबी, आमटी गार होतीया."

उम्मेहानी दचकली. एवढा मोठा आवाज आपला? तो पुन्हा निघेल की नाही, उद्या, कोंडाजी समोर उभा असताना... परत म्हण, बाळा, घाई कुणाला आहे — ओठांवर आलं, आणि तिथेच थबकलं. या वेळी घाई होती.