लाल फुलीचा फोटो

गल्लीत सगळे त्यांना भिंगवाले म्हणत आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं. निवृत्तीनंतर माणसं आपल्या गुडघ्यांचं पुराण लावतात. यांचं सगळं पुराण जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचं. काचेचं कपाट उघडायचं, एखादी लेन्स तळहातावर घ्यायची, तिची पितळी कडी हळूच फिरवायची, काचेवरची जांभळी झाक उजेडात न्याहाळायची, की स्वारी खूश. जुन्या बाजारातून अनोळखी माणसांचे फोटोही ते उचलून आणत. भिंतीवर कुणाकुणाच्या आज्या, नवरदेव, शेंबडी पोरं लटकत होती. घरात माणूस मात्र एकच उरलं होतं.

बायको जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मुलीचा फोन आला. तिला भिंतीवर लावायला आईचा मोठा फोटो हवा होता, तिच्या लहानपणीच्या आईचा. भिंगवाल्यांनी छातीठोकपणे हो म्हटलं. नवी लेन्स घरात आली की तिची पहिली परीक्षा बायकोवरच व्हायची. बिचारी हातातलं काम टाकून खिडकीपाशी बसायची, वर्तमानपत्र उघडून समोर धरायची आणि हे म्हणतील तोवर हलायची नाही.

त्यांनी परीक्षेच्या फोटोंचा खोका काढला. पहिल्या फोटोत वर्तमानपत्राचं अक्षर न् अक्षर स्पष्ट आणि मागे बायको धूसर. दुसऱ्यात तेच. तिसरा, चौथा, पुढचा गठ्ठा, सगळीकडे तेच. लेन्स अक्षरं नीट टिपते की नाही, एवढंच त्यांना बघायचं असे. मागचं सगळं कसं लोण्यासारखं विरघळलंय, याचं तर ते मित्रांपाशी तोंडभरून कौतुक करत. त्या मागच्या सगळ्यात ती होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खोक्याच्या तळाशी लाल पेन्सिलीने फुली मारलेला एक फोटो होता. त्या लेन्समध्येच खोट होती. अक्षरांवर नेम धरला तर ती हातभर मागचं टिपायची. निकामी म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती दुकानदाराच्या गळ्यात परत मारली होती. या फोटोत वर्तमानपत्राचा नुसता पांढरा ढग झाला होता आणि त्याच्यावरून बायको सरळ त्यांच्याकडे बघत होती. पापण्या मोजाव्यात इतकी स्पष्ट. ओठ दाबून हसू आवरलेलं. त्या घरात आपल्याकडे कुणी इतक्या लाडाने बघत होतं, हे त्यांना आज कळलं, आणि ते एकटेच रडत बसले.

डोळे पुसून त्यांनी तो फोटो मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"किती गोड दिसतेय हो आई. कुणाकडे बघून हसतेय?"

"माझ्याकडे."

"आणि तुम्ही, बाबा?"

भिंगवाल्यांनी खिडकीपाशीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मी पेपर बघत होतो," ते म्हणाले.