शेजारची खाट

"मग ठरलं. कापणीच्या सणाला साक्ष तुमची, रत्नाबाई," पाळक हिवाळेसाहेब बशीत चहा ओतत म्हणाले. "प्रभूनं तुमच्या लेकीला मरणाच्या दारातून परत कसं आणलं, एवढंच सांगायचं. मंडळीला बळ मिळेल."

"सांगेल ना! का नाही सांगणार?" चंद्रप्रकाश बायकोच्या आधीच बोलून गेला.

रत्नप्रभा स्टोव्हजवळ पाठमोरी बसली होती. "मला चारचौघांत बोलायची सवय नाही, साहेब."

"खरं बोलायला सवय कशाला लागते?" पाळकसाहेब हसले. दारात सहा वर्षांची अनुपमा खडूनं फरशीवर घर काढत बसली होती. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले, छोटीशी प्रार्थना केली आणि दोघांना सलाम करून ते जिना उतरले. पोरीच्या गळ्यावर, हाडांच्या मधल्या खळग्यात, चवलीच्या नाण्याएवढा गुलाबी व्रण होता.

गोष्ट सदुसष्ट सालची. मकासरे कुटुंब मूळचं नगरकडचं. चंद्रप्रकाश बोरिवलीच्या एका शाळेत मास्तर होता आणि मराठी मंडळीच्या पंचांपैकी एक. मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. त्याच शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून रविवारची भक्ती व्हायची. रत्नप्रभा उपनगरातल्याच एका इस्पितळात नर्स होती. साथीच्या रोगांच्या वॉर्डात तिला अकरा वर्षं झाली होती. चांगली नर्स म्हणून तिचं नाव होतं, ते मुख्यतः तिचा हात हलका म्हणून. पोरं तिच्याकडून सुई टोचून घ्यायची आणि रडायला विसरायची.

सप्टेंबरात तिच्याच मुलीला घटसर्प झाला. मुलीला कडेवर घेऊन ती आपल्याच वॉर्डात आली तेव्हा शेजारच्या खाटेवर चंपा होती. पाच वर्षांची, गोराईच्या कोळ्यांची. तिची आई मथुरा होडीतून खाडी ओलांडून तिला घेऊन आली होती. एकाच दिवशी दोघी दाखल झाल्या. औषध एकाच पेटीतलं होतं. दोन्ही इंजेक्शनं रत्नप्रभानं स्वतः भरली, स्वतः दिली.

अनुपमाचं दुखणं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास कोंडला. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्यांनी रत्नप्रभाला बाहेर थांबायला सांगितलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे मथुरा आली. तिनं रत्नप्रभाचं मनगट धरलं. तिच्या हाताला सुक्या मासळीचा वास होता.

"माझा देव चांगला आहे," रत्नप्रभा म्हणाली. कोणाला धीर देत होती ते तिचं तिलाही कळलं नाही. "तो दोघींना सांभाळेल. तू भिऊ नकोस."

"मी बी एकवीरेला बोललंय," मथुरा म्हणाली. "तुज्या पोरीचाबी नाव घेतलाय."

रत्नप्रभानं प्रार्थना केली होती, पण त्यात चंपाचं नाव नव्हतं.

आठवडा गेला. अनुपमा नळीतून श्वास घेत होती आणि चंपा सुधारत होती. घसा मोकळा झाला, ती खीर मागू लागली. नवव्या दिवशी दुपारी मथुरा तिचे केस विंचरत होती. उठून बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून उशीवरच डोकं कलतं करून हळूहळू गुंता सोडवत होती. चंपा काहीतरी सांगत होती. सांगता सांगता थांबली. मथुरेला वाटलं, झोपली.

घटसर्पाचं विष कधी कधी काळजात उतरून बसतं आणि सगळं बरं दिसत असताना काळीज थांबतं. रत्नप्रभाला हे पुस्तकातून ठाऊक होतं, अकरा वर्षांत तिनं ते सहा वेळा पाहिलंही होतं. कोणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी अर्धा तास धडपड केली.

वॉर्डातलं मूल गेलं की आईच्या हाती द्यायच्या आधी रत्नप्रभा त्याला आंघोळ घालायची. हे तिच्या कामात बसत नव्हतं, पण ती करायची. चंपालाही तिनं न्हाणीत नेलं, कोमट पाणी घेतलं. अर्धे केस विंचरलेले होते, अर्धे राहिले होते. ते तिनं पुरे केले आणि दोन वेण्या घातल्या.

मथुरा रडली नाही, ओरडली नाही. चादरीत गुंडाळलेली पोर खांद्यावर घेतली, आणि निघताना अनुपमाच्या खाटेशी थांबली. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुजी राहिली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रस्ता विचारावा तसं तिनं विचारलं, "तुज्या देवाला माजी दिसली नाय का गं?"

दोन महिने झाले, तो प्रश्न रत्नप्रभाच्या मागे मागे फिरत होता.

"तू नाही म्हणणार आहेस का?" पाळकसाहेब गेल्यावर चंद्रप्रकाशनं विचारलं.

"अहो, मी उभी राहून काय सांगू? देवानं माझी वाचवली?"

"मग काय, नाही वाचवली?"

"आणि चंपा?"

तो वैतागला. "रत्ना, दुसऱ्याचं दुःख आहे म्हणून आपण आभार मानायचेच नाहीत का? देवाच्या मनातलं आपल्याला काय कळतंय?"

"तेच म्हणते मी. चंपाच्या वेळी म्हणायचं, देवाचं मन कळत नाही. आणि आपल्या वेळी बरं कळतं!"

चंद्रप्रकाशनं वर्तमानपत्र उघडलं.

बुधवारी तिची सुट्टी होती. घरात काही न सांगता ती खाडीवर गेली आणि होडीत बसली. पलीकडे उतरल्यावर एका ख्रिस्ती म्हाताऱ्याला तिनं मथुरेचं घर विचारलं. "चंपाची आई ना?" म्हातारा म्हणाला आणि बोटानं किनारा दाखवला.

मथुरा बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. तिनं रत्नप्रभाला लांबूनच ओळखलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"सिष्टर? कनाला आली?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं रत्नप्रभाच्या डोक्यातून गेली. "तू विचारलं होतंस ना, माझ्या देवाला तुझी दिसली नाही का? त्याचं उत्तर मला सापडलं नाही. तेवढं सांगायला आले."

मथुरेनं दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूवर टाकले. "उत्तर नाय त सांगाला कनाला यायचा?"

"नाही आले तर तुला वाटेल, मी विसरले."

मथुरेनं पाटीतले अर्धे मासे रत्नप्रभाच्या पुढे सरकवले. पातळाचा पदर खोचून रत्नप्रभा कामाला लागली. मासे निसटत होते. जबड्यात जबडा कसा अडकवायचा ते मथुरेनं दोनदा करून दाखवलं.

"मी एकवीरेला दिवा नाय लावला तवापासून," मथुरा मधेच म्हणाली. "घरवाला लावतो. मी नाय. मी तिच्यासमोर बसतंय नि बगतंय तिच्याकडं. रोज बसतंय."

"भांडतेस?"

"नाय. नुसता बसतंय. जाऊ कुठं?"

रत्नप्रभाच्या हातातला मासा तसाच राहिला. गेले दोन महिने रोज पहाटे खाटेच्या कडेला बसून तीही नेमकं हेच करत होती. प्रार्थनेला शब्द येत नव्हते, म्हणून नुसती बसत होती. आपली श्रद्धा गेली, असंच ती धरून चालली होती.

उन्हं वर आली तशी ती हात धुऊन निघाली. तेव्हा तिनं साक्षीचं सांगितलं. "चर्चमध्ये बोलायला सांगितलंय, अनुपमा वाचली त्यावर. तुला ठाऊक नसताना बोलायला मन घेईना."

"बोल ना. तुजी राहिली ती काय खोटी हाय?" मथुरा म्हणाली. मग मांडवाच्या पलीकडे तोंड करून तिनं जोडलं, "पन माजी बी होती. तेवढा सांग."

घरी आल्यावर रत्नप्रभानं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं आधी तिच्या हाताला मासळीचा वास येतोय म्हणून तोंड वाकडं केलं, मग बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत आला.

"रतनच्या वेळचं आठवतं?" त्यानं विचारलं.

रतन त्यांचा पहिला मुलगा. अकरा महिन्यांचा होऊन गेला. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. तिसऱ्याच दिवशी रविवार होता, आणि चंद्रप्रकाश पुढच्या बाकापाशी उभा राहून गात होता. केवढी याची श्रद्धा, असं सगळे म्हणाले होते. रत्नप्रभाही म्हणाली होती, आणि मनातून तिला त्याचा थोडा रागही आला होता.

"मी गात नव्हतो," तो म्हणाला. "नुसते ओठ हलवत होतो. वर्षभर. तू शेजारी असायचीस, तुला कळेल म्हणून भ्यायचो."

"मला का नाही सांगितलंत?"

"पंच होतो ना मी."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. अनुपमा मधे येऊन घुसली आणि आज कालवण का नाही म्हणून भुणभुण करू लागली.

कापणीच्या सणाला हॉल भरला होता. शेती कोणाचीच नव्हती, तरी टेबलावर भोपळे, केळीचे घड, तांदळाची ताटं, एक पाय बांधलेली कोंबडी असं सगळं मांडलं होतं. दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेबांनी रत्नप्रभाचं नाव घेतलं. ती पुढे जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत कळेना, तेव्हा वॉर्डात राउंडच्या वेळी उभी राहायची तशी मागे बांधून उभी राहिली.

"माझी मुलगी घटसर्पातून वाचली," ती म्हणाली. "त्याबद्दल मी देवाचे रोज आभार मानते. शेजारच्या खाटेवर चंपा होती. पाच वर्षांची. गोराईची. दोघींना एकाच पेटीतलं औषध मी माझ्या हातानं दिलं. तिच्या आईनं देवाला सांगताना माझ्या मुलीचंही नाव घेतलं. मी तिच्या मुलीचं घेतलं नव्हतं. चंपा गेली."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

"देवानं माझी वाचवली असं मी नुसतं म्हणून खाली बसले, तर चंपाचं काय ते मला सांगावं लागेल. मला ते सांगता येत नाही. मी अकरा वर्षं आयांना सांगत आले, देवाची इच्छा. यापुढे नाही सांगणार. ती त्याची इच्छा होती की नाही, मला माहीत नाही."

पाळकसाहेबांनी मान वर केली. चंद्रप्रकाश खाली बघत होता.

"देव चांगला आहे हे मी सोडलेलं नाही. सोडून जाऊ कुठे? पण चंपाला मी आंघोळ घातली, तेव्हा मला सारखं आठवत होतं की आपला प्रभू मित्राच्या कबरेपाशी रडला. थोड्या वेळानं त्याला पुन्हा जिवंत करून उठवायचं हे ठाऊक असूनही रडला. मला वाटलं, त्या न्हाणीत तोही आहे. तो काही करत नव्हता. वेण्या मीच घालत होते. पण तो होता. एवढंच मला ठाऊक आहे. याच्यापुढचं ठाऊक नाही."

ती जागेवर येऊन बसली. 'आमेन' म्हणावं की नाही ते कोणाला कळेना. पंचांपैकी एक शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "ही कसली साक्ष?" आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची म्हातारी सुलक्षणाबाई बाकाला धरून उभी राहिली. "माझे दोघं मुलगे प्लेगात गेले," ती म्हणाली. "आजवर इथं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही." आणि खाली बसली.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशाचे कागद उघडले, चाळले आणि मिटून ठेवले. "आपण शांत राहून प्रार्थना करू," म्हणाले. ती शांतता इतकी लांबली की टेबलावरची कोंबडी कोकलायला लागली आणि पोरं हसली.

नंतर थोडं बोलणं झालंच. पंचांच्या बैठकीत कोणी म्हणालं, बाईंना बोलायला द्यायला नको होतं. चंद्रप्रकाश म्हणाला, "तिनं खरं सांगितलं," आणि पुढच्या विषयावर चला म्हणाला. रत्नप्रभा दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर होतीच. काम तेच होतं.

गुरुवारी भेटीच्या वेळेत पाळकसाहेब वॉर्डाच्या दारात उभे दिसले. काळा कोट, हातात टोपी. आत येऊ का, म्हणून त्यांनी खुणेनं विचारलं. रत्नप्रभा एका मुलाचं अंग पुसत होती. पोर तापानं फणफणलेलं होतं. त्याची आई मालन कोकणातून गिरणीतल्या नवऱ्याकडे येऊन जेमतेम महिना झाला होता. ती खाटेचा दांडा धरून पुन्हा पुन्हा एकच विचारत होती.

"बाय, माझो झील बरो होतलो मां?"

"डॉक्टर बघतायत. आम्ही सगळं करतोय," रत्नप्रभा म्हणाली. "काय होईल ते मला सांगता येत नाही, मालन. पण मी सात वाजेपर्यंत इथून हलणार नाही."

मालननं मान हलवली आणि दांडा सोडून मुलाचा पाय धरला.

पाळकसाहेब जवळ आले. हळूच म्हणाले, "रत्नाबाई, मी काय बोलू यांच्याशी?"

"काही नको, साहेब. हे धरा."

तिनं पाण्याचं भांडं त्यांच्याकडे दिलं. टोपी ठेवायला जागा नव्हती, ती त्यांनी काखेत दाबली आणि दोन्ही हातांनी भांडं धरून खाटेशी उभे राहिले. रत्नप्रभा फडकं बुडवायची, पिळायची, पोराच्या कपाळावर ठेवायची. पाणी त्यांच्या कोटाच्या बाह्यांत उतरत होतं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी ते हलले नाहीत.