बादशहाचं बारावं वर्ष

बायको रझिया गेल्याची खबर रमजानला मिळाली तेव्हा त्याचं जहाज कोबे बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. २००३ सालचा फेब्रुवारी. कप्तानाने बोलावून सांगितलं, गावी राजिवड्यात आदल्या दिवशी दफनही झालं होतं. रमजानच्या मनात पहिलं आलं ते हेच, की बादशहा अकरा वर्षांचाच राहिला.

हा बादशहा त्याला याच बंदरात मिळाला होता. गोदीतल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सांगितलेला. त्याच देशाचा, साडेसातशे वर्षांपूर्वीचा शिजो. दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याला गादीवर बसवलं. आई-बाप लवकर गेले, कारभार मोठ्यांनी पाहिला आणि पोरगा महालात खोड्या काढत वाढला. बाराव्या वर्षी नोकरांना पाडायला म्हणून त्याने जमिनीवर गुळगुळीत भुकटी पसरली आणि स्वतःच घसरून पडला. त्यातच गेला.

रमजान-रझियाला मूल नव्हतं. १९९८ पासून प्रत्येक सुट्टीत तो तिला बादशहाची एकदोन वर्षं सांगायचा. स्टेशनवरून रिक्षाने घरी येऊन बॅग ठेवतो न ठेवतो तोच ती विचारायची, "आपला बादशहा किती वर्षांचा झाला?" शेवट सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. मग तो मनाने रचलेल्या खोड्या मध्ये घालायचा. एकदा तर त्याने बादशहाला बांगड्याचं कालवण खाऊ घातलं.

"महालात बांगडा कुठून आला? तुम्ही नेलात का डबा भरून?" रझिया म्हणाली होती.

खबर मिळून घरी आल्यावर चौथ्या दिवशी, दुपार कलल्यावरची असरची नमाज पढून रमजान पडवीत आला आणि सपशेल आपटला. दाराआडून खिदळणं ऐकू आलं. शेजारच्या पोरी, उमैमा आणि झारा. सगळ्या लादीवर कॅरमची पावडर.

"अगो, कंबर मोडली असती माझी! कोणी शिकवलं हे?"

"चाचीकडे ऐकलं," उमैमा म्हणाली. "बादशहा असंच करायचा ना?"

"चाचीला कोणी सांगितलं?" रमजानने बसल्या बसल्याच विचारलं. भुकटीचं त्याने रझियाला कधी सांगितलंच नव्हतं.

"भावेशचाचा पार्सल घेऊन आला होता ना, दोन वर्षांपूर्वी?" उमैमा म्हणाली. "त्याने सांगितलं तिला. भुकटीपर्यंत आम्ही ऐकलं, मग चाचीने आम्हाला अंगणात पिटाळलं. परत आलो तर म्हणाली, पुढचं तुमचा चाचा सांगेल. आणि म्हणाली, मला ठाऊक आहे हे त्याला बोलू नका."

भावेश रमजानच्याच जहाजावरचा. म्हणजे त्यानंतरच्या दोन्ही सुट्ट्यांत रझियाने सगळं ठाऊक असून वय विचारलं होतं. बांगड्यावरचा तो टोमणाही त्याच सुट्ट्यांतला.

रमजान हसायला लागला. इतका, की पावडर डोळ्यांत गेली असं वाटून झारा पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"मग पुढे काय झालं बादशहाचं?" उमैमाने विचारलं.

"सांगतो. आधी ही लादी पुसा."

पोरी आता रोज संध्याकाळी येतात. बादशहाने मांजर पाळलं आहे, होडी वल्हवायलाही शिकला आहे. तो पडला, हे अजून सांगायचं राहिलं आहे.