फ्लेमिंगोंची पंगत

आम्ही जैन, आमच्याकडे सूर्य बुडायच्या आत जेवतात. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. त्यामुळे फोटोवाले ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात, ती आमच्या घरी भाकरीची वेळ. आमचे हे, म्हणजे वर्धमान, निवृत्त होऊन पक्ष्यांच्या फोटोंच्या नादाला लागले तेव्हापासून हे दोन मुहूर्त एकमेकांवर आदळतायत.

सांगलीतल्या त्यांच्या ग्रुपचं प्रदर्शन रविवारी होतं. दोन वर्षं यांचा एकही फोटो तिथं लागला नव्हता. यंदा "उडते फ्लेमिंगो देतो" असं हे जाहीर करून बसले, वर लेकीच्या सासरच्यांना आवतणही देऊन आले. फोटो द्यायचा शेवटचा दिवस शनिवार. म्हणून शनिवारी आम्ही विट्याच्या पुढं, सातारा जिल्ह्यातल्या एका तलावावर.

नऊ माणसं, सगळी लष्करी ठिपक्यांच्या कपड्यांत. पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून. ग्रुपचा म्होरक्या ऋषिराज कुजबुजत बोलायची ताकीद ओरडून देत होता. तिथंच हंबीरराव नावाचे गावकरी लालभडक बंडी घालून म्हशी धूत होते, आणि फ्लेमिंगो त्यांच्यापासून वीस हातांवर.

"आवं ताई, कुठली लढाई हाय?" त्यांनी मला विचारलं.

"फोटोची."

"मग पाखरांनी काय केलंय?"

पाखरांनी दुपारभर काहीच केलं नाही. माना खाली, चोची चिखलात, नुसती खात राहिली. सूर्य टेकडीवर दोन बोटं उरला तसा ऋषिराजचा धीर सुटला.

"अण्णा, तुम्ही पुढं बांधावर जा. मी तीन म्हटलं की जोरात टाळ्या वाजवा. थवा उठेल. कॅमेरा गळ्यात आहेच, तुमचंही काम होईल."

हे निघाले. मी अडवलं नाही. लेकीची सासू माझ्याही डोळ्यांपुढं होती.

"एक... दोन..."

हे गर्रकन वळले आणि सगळ्या लेन्सांपुढं हात पसरून उभे राहिले.

"थांबा! जेवतायत ती."

"अण्णा, बाजूला व्हा! लाइट चाललाय!"

"तेच म्हणतोय. दिवस बुडतोय. आत्ता ताटावरनं उठवलं तर सकाळपर्यंत उपाशी राहतील की!"

"बराबर हाय गड्या," म्हशीआडून हंबीरराव म्हणाले.

"अहो, मग तुम्ही तरी या जेवायला," मी डबा उघडून हाक मारली. पण पहारेकरी हलायला तयार नाही. आठ कॅमेऱ्यांत यांचं पोट भरलं होतं. खुद्द पोटात काही नव्हतं. मी माझी भाकरी खाऊन घेतली. नेम मलाही आहे. सूर्य गेला. कुणालाच उडता फ्लेमिंगो मिळाला नाही.

परतताना गाडी ऋषिराजच चालवत होता. त्यानं आरशातून यांच्याकडं पाहिलं. मग थंडपणे म्हणाला, "अण्णा, फ्लेमिंगो रात्रीसुद्धा खातात. पुस्तकात आहे."

विटं येईपर्यंत यांच्या पोटातली गुडगुड सगळ्यांनी ऐकली. मग हे मला हळूच म्हणाले, "म्हणजे आपल्यातले न्हाईत गं ते."

दुपारी काढलेला एक फोटो यांनी तसाच पाठवून दिला. फ्लेमिंगोंसाठी राखलेल्या भिंतीवर लावायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ऋषिराजनं तो लावला. चहाच्या टेबलाशेजारी, पण लावला.

विहीणबाई चष्मा सावरत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. एका ओळीत गुलाबी पाठी, सगळ्यांची डोकी पाण्यात.

"अगंबाई, कुणाचंच तोंड दिसत नाही की हो!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

"जेवतायत ती," हे म्हणाले.

आणि विहीणबाईंनी आपसूक आवाज खाली केला.