तिसऱ्या दालनातली गळती

बहिणीकडे आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला, तो उघडायचं नाव घेईना. तळ्यातली होडी बंद, टेकडीवरची बाग धुक्यात गडप. धाकटी बहीण कामावर निघता निघता म्हणाली, "ताई, दिवसभर खिडकीत बसू नका. चित्रसंग्रहालयात जाऊन या."

मास्तरीणबाईंना तेच हवं होतं. त्यांच्या शाळेच्या वाचनालयात एका चित्राची छापील प्रत तीस वर्षं भिंतीवर होती. नदीकाठी कपडे वाळत घालणारी बाई आणि मागं लाल कौलांचं घर. मूळ चित्र याच शहरात होतं. निवृत्त झाल्यापासून ते एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात होतं.

नवऱ्याला मात्र त्यांनी बसमध्येच अट घातली. नवरा छपरं शाकारणारा मिस्त्री. कुणाकडे जेवायला गेला, तरी आधी आढ्याकडे बघणार, मग ताटाकडे. आज नजर भिंतीवर ठेवायची, वर बघायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मिस्त्रींनी मान डोलावली. जित्याची खोड ती, पण दोन दालनं त्यांनी कशीबशी निभावली. एका घोड्याच्या चित्रासमोर तर ते चक्क पाच मिनिटं उभे राहिले.

तिसऱ्या दालनात शिरले, तर मधोमध निळी बादली आणि भोवती दोरी बांधलेली. वरून थेंब पडत होते, सावकाश. समोरच्या भिंतीवर मोकळा चौकोन, आणि खाली नदीकाठच्या त्या चित्राच्या नावाची पाटी तेवढी. राखणदारानं सांगितलं, की दोन वर्षं हे असंच चाललंय. तीन वेळा माणसं आली, बादलीच्या बरोबर वर छपराला डांबर फासून गेली, आणि पुढच्याच सरीला पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून पावसाच्या दिवसांत हे चित्र आत ठेवतात.

मास्तरीणबाईंनी ती पाटी दोनदा वाचली. मग पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसल्या, कोरडा होता तरी. मिस्त्री छताकडे नाही, बायकोकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "बघू का?"

"बघा," त्या म्हणाल्या.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई आधी तयार होईनात. वरून पडलात तर मी काय उत्तर देऊ, म्हणाल्या. मिस्त्रींनी समजावलं, की ओल्या छपरावर ते पायसुद्धा ठेवणार नाहीत, माळ्यावरूनच बघतील. गळती शोधायची पावसात आणि बुजवायची उन्हात.

"पाणी मुरतं एकीकडे, बाई, आणि गळतं भलतीकडेच."

"आमच्या कार्यालयातही तसंच आहे," असं म्हणत त्यांनी किल्ली काढली.

बॅटरी धरायला मास्तरीणबाई गेल्या. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे डांबराचे कपडे त्यांनी धुतले होते, उशीर झाला म्हणून जेवण झाकून ठेवलं होतं, पण त्याच्या मागं शिडी कधी चढल्या नव्हत्या. माळ्यावर पावसाचा आवाज इतका जवळ होता, की बोलणं ऐकू येईना. मिस्त्रींनी एका आडव्या वाशाच्या पोटाला बोट लावलं आणि त्या ओलीच्या मागं मागं निघाले, सावकाश, लहान मूल ओळीखाली बोट ठेवून वाचतं तसे. पाणी वाशावरून चांगलं दहा-बारा हात चालत आलं होतं. शेवटी ते एका झरोक्यापाशी थांबले. बाही वर केली, खांद्यापर्यंत हात बाहेर घातला आणि पन्हळीतून कबुतराचं कुजलेलं घरटं ओढून काढलं. मागोमाग ओंजळभर पालापाचोळा. तुंबलेलं पाणी घळघळ करत खाली धावलं.

"झालं," ते म्हणाले. "कौलं चांगली आहेत. उगाच बिचाऱ्यांना डांबर फासलं."

झरोक्यातून सगळं शहर दिसत होतं. ओल्या छपरांच्या रांगा, पागोळ्या, एका खिडकीत दिवा. मिस्त्री एकेका छपराकडे बोट दाखवून सांगत होते, हे कुणी हौसेनं केलंय, ते कुणी उरकलंय. मास्तरीणबाई त्या बोटामागं नजर फिरवत होत्या.

खाली आले, तेव्हा एका थेंबानंतर दुसरा पडायला बराच वेळ लागत होता. अर्ध्या तासानं थांबलेच. प्रमुख बाईंनी दोघांना आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून चित्र बाहेर काढलं. मास्तरीणबाईंना वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं. छापील प्रतीत नदी करडी होती; इथं ती हिरवी होती, आणि बाईच्या मनगटावर एक बारीक निळी रेघ होती. बांगडी असावी.

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले.

"यातलं तुला काय आवडतं?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मास्तरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि नदीपासून सांगायला लागल्या.