निवडलेले दाणे

पशुखाद्याच्या कारखान्यात आलेला मका आत घ्यायचा की फाटकातूनच परत पाठवायचा, हे माझी पट्टी ठरवते. दाणे दळायचे, द्रावणात हलवायचे, पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या तर माल चांगला; एकच उमटली तर बुरशीचं विष. गेले कित्येक महिने मला दोनच रेघा दिसत होत्या. व्यापारी सुधारले म्हणायचे, असं मी कौतुकानं घरीही सांगितलं होतं.

आज सासरे दाढ काढायला गेले. ते इथेच वजनकाट्यावर असतात. माझी कंबर धरते, म्हणून गाडीवर चढून नमुना तेच आणून देतात. असा सासरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही! आज मात्र दाणे काढायची परखी मीच घेतली आणि पोत्यात खोल खुपसली.

एकच रेघ.

पट्ट्याच खराब असतील म्हणून नवा डबा फोडला. एकच रेघ. दुसऱ्या गाडीचा मका घेतला. पुन्हा तेच!

दुपारी सासरे गाल धरून आले.

"मामा, तुम्ही नमुना कसा घेता?"

"कसा म्हणजे? वरच्या पोत्यातून ओंजळभर. मग निवडतो." दाढेतला कापूस सांभाळत ते म्हणाले, "काळे, किडके काढून टाकतो. सुनेच्या हातात द्यायचं ते नीट नको द्यायला?"

हा देवमाणूस विष वेचून फेकत होता आणि उरलेला मका मला तपासायला देत होता!

"अगं, पांढरी का पडलीस? माझं काही चुकलं का?"

"मामा, आपली गाय काय खाते?"

"इथलंच खाद्य. तू तपासलेलं! दुसरं मी गोठ्यात येऊ देतो का?" ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांची नजर माझ्या हातातल्या पट्टीवर गेली. "दुधात उतरतं का गं ते?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कापूस थुंकला आणि घरी फोन लावला.

"बाळ्याला दूध देऊ नकोस! सगळं ओतून टाक!"

पलीकडून सासूबाईंचं हसणं मलाही ऐकू आलं. "ओतू काय, कपाळ? तुमच्या नातवानं आत्ताच दुसरा पेला संपवला. बसलाय दुधाच्या मिशा पुसत."